सुतकातलं वारं

आमचा धुळाप्पा तात्या खोटं बोलला ते बायकोला वाचवायला, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर ही हकीकत ऐकणारा जो तो त्याच्यावर तोंडसुख घेतो आणि माझं डोकं फिरतं.

आम्ही कानडी मुलखाच्या शिवेवरल्या मैंदर्गीकडचे धनगर. तात्या माझा चुलता, कस्तुराबाई त्याची बायको, म्हणजे माझी काकी. त्यांचा एकुलता एक पोरगा भिमा, नुकता दुडुदुडु पळायला लागलेला, तापानं गेला. सुतक फिटायच्या आतच एका सकाळी काकी अंगणातून उठली ती केस मोकळे सोडून घुमायलाच लागली. तोंडातून आवाज आला तो पोराचा. "थंडी वाजती," एवढंच, पुन्हा पुन्हा.

आता आमच्याकडची रीत अशी. बाईच्या अंगात बिरदेवाचं वारं आलं तर तिला भंडारा लावतात, तिच्या पाया पडतात, आपलं दुखणंखुपणं तिला विचारतात. पण सुतकाच्या घरात देव येत नाही. सुतकात येतं ते मेलेल्याचं, आणि ते काढायला देवऋषी छडी घेऊन बसतो. मारायला सुरुवात करायच्या आधी तो एकच विचारतो, "ह्येच्या आदी घरात कोन मेलंय का?" तात्याच्या थोरल्या बहिणीला, बजाबाईला, असंच झोडपलं होतं. ती त्यातून उठली नाही. तात्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून त्यानं दार लावून घेतलं, आम्हा घरच्यांना दम भरला, आणि सुतक फिटून पुरता महिना गेल्यावर गावाला सांगितलं की कस्तुराच्या अंगात बिरदेव आला. गावानं मानलं. मेंढरांचा रोग, पोरीचं लग्न, हरवलेली म्हैस, सगळं लोक काकीला विचारायला लागले. ती घुमत घुमत काहीबाही सांगायची. तात्यालाही तो मान गोड लागला. उगाच त्याला साधुपुरुष कशाला करू? पण देवाच्या बाईपुढं मेलेल्या पोराचं नाव कोण काढणार? घरात भिमाचा विषय बंद झाला. रडायची सोयही काकीला राहिली नाही, आणि त्याचं वाईट कुणालाच वाटलं नाही, मलासुद्धा.

पुढच्या साली दोघं घोंगडी विकायला सोलापूरच्या मंगळवार बाजारात गेली. तीस सालचा मार्शल लॉ उठला होता, पण चार माणसं एका जागी जमली की अजूनही पोलीस धावून यायचे. भर बाजारात काकीला वारं आलं. आमच्या भागातले लोक पाया पडायला धावले, गिरणीतून सुटलेली माणसं बघत उभी राहिली, आणि पोलिसांनी काकीला उचललं. मॅजिस्ट्रेटनं सांगितलं की सरकारी डॉक्टरनं तिला तपासावं. वेडी ठरली तर पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायची, नाहीतर नवऱ्याच्या हवाली करायची.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं तात्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"हिला काय होतं?"

"काय बी होत न्हाय, सायेब. देव येतो. लई मान हाय तिला आमच्याकडं."

"आवाज ऐकू येतात?"

"व्हय की." तात्याला हुरूप आला. देव जेवढा मोठा तेवढी बायको लवकर सुटणार, असा त्याचा समज. "रातध्याड बोलत असती त्याच्यासंगं. जेवान न्हाय, झोप न्हाय."

डॉक्टर लिहून घेत होता. मग मान वर करून त्यानं सहज विचारलं, "हे सुरू व्हायच्या आधी घरात कुणी दगावलं होतं का?"

 शहरातला शिकलेला माणूस, कोट घातलेला, पण प्रश्न देवऋषीचाच. व्हय म्हटलं की मार सुरू होणार, एवढंच तात्याला कळलं.

"न्हाय," तो म्हणाला. "कोन बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला कंपाउंडर विरुपाक्ष तात्याशी कानडीत बोलायला लागला. आपल्या भागातला माणूस भेटला म्हणून विरुपाक्षही जरा मोकळा झाला होता. बोलता बोलता म्हणाला, घरात कुणी गेलं असतं तर डॉक्टरांनी दुःखाचा धक्का म्हणून सोडून दिली असती. कारण नसताना असं होतं म्हणून वेडी ठरवली.

तात्या तसाच डॉक्टरच्या खोलीत घुसला. काकी तिथंच भिंतीला टेकून बसली होती, शेजारी शिपाई.

"सायेब, माझा पोरगा मेला," तात्या म्हणाला. "भिमा. त्याच्या सुतकातच हिला हे सुरू झालं. मी खोटं बोललो. छडीच्या भ्यानं बोललो."

काकीनं वर पाहिलं. कितीतरी महिन्यांनी ती स्वतःच्या आवाजात बोलली.

"तुमाला आठवतो व्हय त्यो?"

"रोज आठवतो, कस्तुरा."

"मला वाटलं, मला एकलीलाच."

आणि ती रडायला लागली. घुमणं नाही, ओरडणं नाही, कुठलीही आई रडेल तशी रडली. तात्या तिच्याजवळ खाली बसला.

डॉक्टरनं दोघांकडं पाहिलं. "काल कुणी नाही म्हणालात, आज पोरगा म्हणता. बायकोला सोडवायला माणूस काहीही बोलतो, मला कळतं. पण कागद वर गेलाय." आवाज कडक नव्हता. तात्या म्हणायचा, कडक असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

त्याच दुपारच्या गाडीनं काकीला पुण्याला नेलं. तिथं तिच्या अंगात एकदाही वारं आलं नाही. भेटायला गेलेल्या तात्याला तिथल्या माणसांनीच तसं सांगितलं. ती फक्त रडायची. रडणं थांबत नाही म्हणून तिला सोडलं नाही, आणि थंडीच्या दिवसांत ती तिथंच छाती भरून वारली.

तात्या एकटाच परत आला. गावातल्या बायका विचारायला आल्या, देवाची बाई कुटं हाय म्हणून. तात्या दाराशी उभा राहिला आणि एकेकीला सांगत राहिला, "पोरगा मेला व्हता माझा. त्याच्यासाठी रडत व्हती ती."