शनिवारचे मासे

बोलेक कुबिक खोटं बोलायचा, पण फक्त माशांबद्दल. बायकोशी, पाद्र्याशी आणि पोलाद कारखान्यातल्या मुकादमाशी तो जन्मभर खरं बोलला. त्यामुळे साठून राहिलेलं सगळं खोटं अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या ईरी सरोवरातल्या माशांच्या वाट्याला आलं. हिवाळ्यात सरोवर गोठलं की तो आपलं लाकडी खोपटं गाडीमागं बांधून बर्फावर ओढत न्यायचा, भोक पाडायचा, शेगडी पेटवायचा आणि गळ सोडून बसायचा. एका वर्षी म्हणे बर्फाचा तेवढा तुकडाच सुटला. खोपटं, शेगडी, कोबीचं सूप आणि बोलेक असा अख्खा संसार वाहत वाहत पार कॅनडाच्या काठाला लागला. तिथला पोलीस म्हणाला, "पासपोर्ट?" बोलेकनं त्याच्या हातात सुपाचा वाडगा ठेवला. पोलिसानं तो चाटूनपुसून परत केला, वारा फिरला, आणि बोलेक घरी पोचला तेव्हा पातेल्यातलं उरलेलं सूप अजून वाफाळत होतं. खोटं वाटत असेल तर सूपच साक्षीला आहे, असं तो सांगायचा. सूप केव्हाच संपलं होतं, त्यामुळे साक्षीदार उलटायची भीती नव्हती.

या गोष्टींवर त्याची नात हालिना वाढली. आजोबांना त्यांच्या पोलिश घरात जाजा म्हणत, तशी तीही म्हणायची. दुधाचे दात पडायच्या आधीपासून ती त्याच्या शेजारी उलट्या बादलीवर बसून गळ हलवत आली होती. जाजाची फुप्फुसं कारखान्यानं खाल्लेली. चार पावलं चालला की छातीतून जुनी पेटी वाजल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज ऐकतच पोरीनं ठरवलं, डॉक्टर व्हायचं. तेही छातीची, आणि तेही राज्यातल्या सगळ्यात मोठ्या मेडिकल कॉलेजातून.

इथं घोडं अडलं. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना वाट दाखवायला तिच्या कॉलेजात मिस टॅलबट म्हणून एक बाई होत्या. त्यांनी हालिनाचे मार्क पाहिले, मान डोलावली. इस्पितळातली सेवा पाहिली, मान डोलावली. मग चष्मा नाकावर ओढला.

"आणि संशोधन?"

"ते नाही केलं, मॅडम."

"मग त्या कॉलेजचं नाव विसर. तिथं अर्ज करणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या लॅबमधे उंदरांच्या मागे लागलेला असतो."

"पण मला माणसं बरी करायचीत. उंदीर नाही."

"माणसं आत आहेत, बाळ. दारात उंदीर बसलेत."

उंदीर काही हालिनाला मिळाले नाहीत, ते केव्हाच वाटले गेले होते. तिच्या नशिबी किडे आले. चपटे, भुरे, नखाएवढे, पाण्यात राहणारे. त्यांचं मुंडकं कापलं की नवं फुटायचं. असं मुंडकं माणसाला फुटलं असतं तर राजकारण्यांची मोठी सोय झाली असती, पण तो विषय वेगळा. या किड्यांना काळीज खायला लागायचं, आणि पाणी रोजच्या रोज ताजं. सुट्टीचा वार त्यांना कळत नाही. जुन्या मंडळींना कळायचा, म्हणून नव्या पोरीच्या गळ्यात सगळे शनिवार पडले.

आणि शनिवार म्हणजे जाजाचा वार. सकाळीच त्याचा फोन यायचा, लाडाच्या नावानं हाक मारत.

"हालिंका, बर्फ धरलाय. कधी येतेस?"

"जाजा, किड्यांचं पाणी बदलायचंय."

"किडेच घेऊन ये. गळाला लावू."

"मला लॅबमधून हाकलतील!"

"मग तर रोजच येशील."

ती हसायची आणि म्हणायची, पुढच्या शनिवारी नक्की. पुढच्या शनिवारी किड्यांची मुंडकी मोजायची असत. असा एक हिवाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या हिवाळ्यात जाजाच्या नाकात प्राणवायूची नळी आली. "आता दोन गळ झाले," तो फोनवर म्हणाला. "एक माशाच्या तोंडात, एक माझ्या नाकात. बघू कोण आधी वर ओढला जातो." पण शनिवारचा फोन त्यानं चुकवला नाही. फेब्रुवारीत तर त्याला ऊत आला होता. "पर्च मासे असे लागतायत, असे लागतायत, भोकापाशी रांग लावून उभे आहेत! नंबर वाटावे लागतायत मला. एकट्याला आवरत नाही, ये गं."

"पुढच्या शनिवारी, जाजा. शप्पथ."

वसंतात किड्यांवरचा शोधनिबंध छापून आला. त्यावरच्या नावांच्या शेपटाला हालिनाचंही नाव होतं. उन्हाळ्यात अर्ज भरायला बसली तेव्हा मिस टॅलबट म्हणाल्या, "एखादा छंदही घाल. नुसतं संशोधन दिसलं तर त्यांना वाटेल, पोरगी यंत्र आहे." हालिनानं लिहिलं: गोठलेल्या सरोवरावर मासेमारी, आजोबांबरोबर. लिहिताना तिला ते अगदी खरं वाटलं.

मोठ्या कॉलेजचं बोलावणं आलं. मुलाखत घ्यायला डॉक्टर एल्ड्रिज होते. छातीचेच डॉक्टर, पिकल्या भुवयांचे, सावकाश बोलणारे. त्यांनी किड्यांबद्दल विचारलं, आणि हालिनानं असं चोख सांगितलं की ऐकणाऱ्यालाही मुंडकं कापून घ्यावंसं वाटावं.

"छान," डॉक्टर म्हणाले. "हे किडे नसते तर तुम्ही या खुर्चीपर्यंत पोचला नसतात, हे खरं आहे. पण सकाळपासून मी उंदीर, माश्या आणि किडेच ऐकतोय. या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाकडे काहीतरी वळवळतंच. हे मासेमारीचं सांगा. मीही त्याच सरोवराच्या काठचा."

हालिनाचा जीव भांड्यात पडला. तिनं कॅनडाची गोष्ट सांगितली, वाडग्यासकट, वाफेसकट. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"भेटायला हवं तुमच्या आजोबांना. शेवटचं कधी गेला होतात त्यांच्याबरोबर?"

साधा प्रश्न होता. पण हालिना मनातल्या मनात शनिवार मोजू लागली. तीन हिवाळे मी गेले नाही म्हणावं, तर अर्जातला छंद खोटा ठरतो. दाराशी येऊन पाय कसा मागे घ्यायचा?

"गेल्या फेब्रुवारीत," ती म्हणाली. "पर्च असे लागत होते, भोकापाशी रांग लावून."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"गेल्या फेब्रुवारीत सरोवर गोठलंच नाही, मिस कुबिक. मी दर शनिवारी सामान घेऊन काठावर जायचो आणि लाटा बघून परत यायचो."

हालिनानं खुर्चीखालची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"किड्यांपायी जाता आलं नाही, असं सांगितलं असतंत," ते हळूच म्हणाले, "तर मी म्हणालो असतो, माझेही बरेच हिवाळे असेच गेले." मग ते उठले, हात मिळवला, आणि दारापर्यंत सोडायला आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

हालिना तडक जाजाच्या गावी गेली. रस्ताभर तिनं त्याला बोलायची वाक्यं घोकली. मागच्या अंगणात खोपटं गवतावर उभं होतं आणि जाजा आत बादलीवर बसला होता, पायाशी प्राणवायूचं नळकांडं.

"जाजा, गेल्या हिवाळ्यात बर्फ नव्हता!"

"नव्हता."

"आणि पर्च?"

"पर्च होते. बर्फ नव्हता."

"मग फोन कुठून करायचास?"

"इथूनच की." त्यानं बादलीवर थाप मारली. "बर्फ नाही म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, बरं झालं, किड्यांकडे जाते. मासे लागतायत म्हटल्यावर एखादा शनिवार तरी वाट चुकेल, असं वाटायचं."

"आणि खरंच आले असते तर?"

"म्हणालो असतो, कालच वितळला. सूप आहे, बस."

घोकलेली वाक्यं जागच्या जागी राहिली. खोपट्याच्या तळाच्या फळ्यांत गळ सोडायला पाडलेलं भोक होतं. त्यातून खालचं गवत दिसत होतं, उन्हाविना पिवळं पांढुरकं पडलेलं. हालिना त्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं मुलाखतीत डॉक्टरांपुढे काय झालं ते सगळं सांगितलं.

"कॅनडाला हसला का तो?" जाजानं विचारलं.

"डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या."

"मग तिथंच थांबायचं ना, वेडे! खोटं माशांबद्दल बोलावं. आपण तिथं होतो की नव्हतो, याबद्दल नाही."

"आणि तू काय केलंस?"

जाजानं नाकातली नळी सारखी केली. "मी खोपट्यात होतो," तो म्हणाला, पण त्याला स्वतःलाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

मोठ्या कॉलेजनं नकार कळवला. दुसऱ्या एका लहान कॉलेजनं घेतलं. तिथं छंदाबद्दल कुणी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात सरोवर असं गोठलं की ट्रक न्यावा. पहिल्याच शनिवारी हालिना आली. लॅबमधल्यांना तिनं सांगितलं होतं, किड्यांचं पाणी आज तुम्ही बदला. पण प्राणवायूच्या नळीशेजारी शेगडी पेटवता येत नाही, आणि शेगडीशिवाय त्या बर्फावर जाजाची छाती टिकली नसती. दोघं अंगणातल्या खोपट्यात बसले, दोन-दोन कोट घालून. उघड्या दारातून पांढरं सरोवर दिसत होतं, आणि त्यावर दुसऱ्यांची खोपटी, धूर सोडणारी.

"ते किडे," जाजा म्हणाला. "नवं मुंडकं फुटल्यावर त्याला जुनं काही आठवतं का?"

तीन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिनंही कधी जाजाला त्या प्रश्नापर्यंत येऊ दिलं नव्हतं. फोन ठेवायची घाई असायची.

"नक्की कळलेलं नाही, जाजा."

"मग शोधून काढ." त्यानं भोकातून गवतावर गळ सोडला आणि काठी तिच्या हातात दिली. "हलव. हलवल्याशिवाय लागत नाहीत."

तिनं हलवला. पुन्हा हलवला.

"लागला," हालिना म्हणाली.

"केवढा?"

तिनं काठी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात पसरले, खोपट्याच्या भिंतींना टेकेपर्यंत.