लाईनची दोन टोकं

"ही नाही लागत बघ. सोड," प्रेमाक्का म्हणाल्या.

मोडेमचं केकाटणं अजून निम्म्यावर होतं. मी लक्ष दिलं नाही. कॅफे माझा, कॉम्प्युटर माझे, अर्धवट सोडलेलं का होईना इंजिनियरिंग माझं. साठीला टेकलेल्या बाईंनी मला काय शिकवायचं? पण केकाटता केकाटता मोडेमचा आवाज बसला आणि पडद्यावर लाईन तुटल्याची पाटी आली.

"तुम्हाला कसं कळलं, अक्का?"

"लाईन भिजलीय रे. काल पाऊस झाला की नाही? खांबावरच्या डब्यात पाणी गेलं असणार. स्वल्प थांब, ऊन पडू दे."

त्या पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. दहाच्या सुमाराला ऊन पडलं आणि लाईन पहिल्या झटक्यात लागली. त्या दिवसापासून मोडेम लावताना मी पडद्याकडे बघणं सोडून प्रेमाक्कांच्या तोंडाकडे बघायला लागलो.

ही गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णवच्या सप्टेंबरमधली. कानडी मुलखातल्या आमच्या राजाजीनगरात वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं, त्या जागेत मी सायबर कॅफे काढला होता. चार कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि टेलिफोनची लाईन एकच. इंटरनेट चालू असलं की फोन बंद, फोन चालू असला की इंटरनेट बंद. प्रेमाक्का मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. मूळच्या बेळगावकडच्या. एकतीस वर्षं त्यांनी ट्रंक एक्स्चेंजमध्ये बाहेरगावचे फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटरचं काम केलं. मग घरोघरी एसटीडी आलं, ट्रंक कॉल कुणी लावेना, आणि अक्काही रिटायर झाल्या.

त्यांची भाची उल्का अमेरिकेत. तिच्या ओळखीतल्या मराठी मंडळींनी एक टूम काढली होती: 'तीस दिवस, तीस पानं'. इंटरनेटवर रोज एक पान लिहायचं, स्वतःच्या जगण्यातलं. आपल्याकडे दुपारचे बारा वाजायच्या आत पान चढलं पाहिजे. एक दिवस चुकला की यादीतून नाव गेलं. चाळीस जणांनी नावं दिली, त्यात उल्काने मावशीचं घुसडून दिलं. मावशींनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता.

"एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं की," त्या मला म्हणाल्या. "माझं असं कुणाला सांगितलंच नाही काही. आता तीस दिवस सांगते. पुरं करणार बघ मी. तू फक्त ते चढवायचं काय ते बघ."

मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर उमटवायची म्हणजे तेव्हा डोकेदुखी होती. म्हणून आम्ही सोपी युक्ती काढली. अक्कांनी घरून कागदावर लिहून आणायचं, मी तो कागद स्कॅन करून चढवायचा. त्याआधी त्या मला तो मोठ्याने वाचून दाखवायच्या, मनगटावरचं घड्याळ समोर धरून. तीन मिनिटांच्या वर गेलं की पेन काढून तिथल्या तिथे चार ओळी मारायच्या. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा, तेव्हा पानही तीन मिनिटांचंच. मी म्हटलं, अक्का, इथे कोण मोजतंय? तर म्हणाल्या, "मी मोजते की."

आणि काय लिहायच्या! एकतीस वर्षं कानावर बसलेल्या हेडफोनने केसांत पडलेली वाट. पहाटेच्या पाळीत शेजारणीने डब्यातून आणलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी, एका हाताने खायची कारण दुसरा हात बोर्डावर. गावोगावचे ऑपरेटर, ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत पण ज्यांना सर्दी झालेली पहिल्या हॅलोला कळायची. मी दुकानात बसून रोज ऐकायचो आणि गिऱ्हाईक आलं तर त्याला बोटाने गप्प करायचो. धंद्याच्या दृष्टीने महिना वाईटच गेला.

इंटरनेटवरच्या त्या पानाखाली वाचणाऱ्यांचे निरोप यायचे. दहाव्या दिवसापासून सगळे एकच मागू लागले. 'आजी, फोनवर ऐकलेलं काहीतरी सांगा ना. प्रेमप्रकरणं, भांडणं. तुमच्याकडे तर खजिना असेल.'

मी ते वाचून दाखवलं. अक्का हसल्या. "असेल की. पण तो माझा नाही."

यादी गळत चालली होती. विसाव्या दिवशी चाळिसातले सतरा उरले. त्यात प्रेमाक्का होत्या. मी उगाचच छाती फुगवून गल्लीत सांगत फिरायचो.

तेविसाव्या दिवशी अक्का साडेदहाला आल्या त्या कोरा कागद घेऊन. अंगात कणकण होती, डोळे लाल.

"आटपलं रे श्री. काल दुपारपासून बसले, दोन ओळी येईनात. एवढंच होतं वाटतं आपलं आयुष्य."

बारा वाजायला दीड तास होता. मग मी ते बोललो, जे माझ्या पोटात पहिल्या दिवसापासून होतं. कारण पहिल्या दिवशी त्या दारात आल्या, माझं "या, बसा" ऐकलं आणि चटकन म्हणाल्या होत्या, "तू वेंकटराव टेलरांचा मुलगा? आवाज तोच बघ." आमच्या घरात कधी फोन नव्हता. वडील या बाईंच्या घरी गेलेले नाहीत, या बाई आमच्याकडे आलेल्या नाहीत. मग त्यांनी माझ्या वडिलांचा आवाज ऐकला तो एकाच ठिकाणी. वडील पोस्टातून ट्रंक कॉल लावायचे, हे मला त्या दिवशी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी कळलं.

आणि लावणार कुणाला? आमचं बाहेरगावी एकच माणूस होतं. माझा थोरला भाऊ मल्हार. शहात्तर साली तो मशीनवर बसायचं नाही म्हणून भांडून पुण्याला निघून गेला. वडील म्हणाले, तो मला मेला. त्यानंतर त्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. त्र्याऐंशीला वडील गेले तेव्हा तो आला नाही, आणि मग मीही त्याला मेलाच समजलो. तेवीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"अक्का," मी म्हटलं, "माझ्या वडिलांच्या फोनचं लिहा. मी परवानगी देतो. ते मल्हारला फोन करायचे ना? काय बोलायचे?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता त्या बघण्यात, पण मला आपण उघड्यावर कपडे काढल्यासारखं झालं.

"आवाज लक्षात आहे. बोलणं मी विसरले."

"खोटं बोलताय."

"खोटंच बोलते. तेवढं एक खोटं नोकरीत शिकवलं आम्हाला." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तू एकट्याने परवानगी देऊन कसं चालेल रे? लाईनला दोन टोकं असतात. दुसऱ्या टोकाला विचारलंस?"

त्यांनी माझं पेन ओढून घेतलं, तिथेच काउंटरवर वाकून लिहायला लागल्या आणि अकरा पन्नासला पान चढलं. तापात आईने कपाळावर ठेवलेल्या पट्टीबद्दल होतं ते. मला अजून पाठ आहे.

दुसरं टोक माझ्या डोक्यातून जाईना. चार दिवस मी स्वतःशी भांडलो, पाचव्या दिवशी एका चुलत बहिणीकडून मल्हारच्या शेजाऱ्यांचा नंबर काढला. फोन लावला तेव्हा तो घरी नव्हता, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. निरोप ठेवला: रविवारी साडेअकराला मी या नंबरवर असेन. आला फोन तर आला. अक्कांना तेवढं सांगून ठेवलं.

रविवार हा तिसावा दिवस निघाला. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, अक्कांच्या आलं असणार. त्या नऊलाच आल्या. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा. रात्रभर पाऊस झाला होता आणि लाईन तुटत होती. तिसावं पान एकाच शब्दावर होतं. दोन्हीकडची माणसं जोडून झाली की ऑपरेटर शेवटचा शब्द म्हणते, 'बोला', आणि स्वतः बाजूला होते. हा शब्द आपण आयुष्यात किती लाख वेळा म्हटला असेल, असं काहीतरी अक्कांनी लिहिलं होतं. वाचताना घड्याळ पाहिलं. बरोबर तीन मिनिटं.

सहा वेळा लाईन लागली आणि सहा वेळा तुटली. सव्वाअकराला सातव्यांदा लागली आणि टिकली. पान मुंगीच्या पावलांनी चढत होतं. अकरा पंचवीसला निम्मं चढलं होतं. यादीत बाराच नावं उरली होती.

"काढ लाईन," अक्का म्हणाल्या.

"अहो, निम्मं झालंय! आत्ता तोडली तर परत लागेल की नाही सांगता येत नाही."

"साडेअकराला तुझा फोन आहे ना? लाईन धरून बसलास तर त्याला एंगेज लागणार. एकदा एंगेज लागलं की अशी माणसं परत नाही लावत. मी बघितलंय की."

"अक्का, तीस दिवस..."

"एकोणतीस झालेत माझे. सरी? मला चालतंय, काढ."

मी हललो नाही. मग त्यांनीच हात घालून मोडेमची वायर भिंतीतून उपसली, फोनची वायर तिथे खोचली आणि रिसीव्हर कानाला लावून पाहिला. सवयीने. टोन ऐकून मान हलवली आणि खाली ठेवला.

अकरा एकतीसला घंटा वाजली. अक्कांनी उचलला. पलीकडून काहीतरी बोलणं झालं असावं. "आहेत," त्या म्हणाल्या, त्यांच्या जुन्या, सरळ, ऑफिसातल्या आवाजात. रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"बोल," म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन त्यांनी काचेचं दार मागे ओढून घेतलं.

मल्हारने एकच विचारलं, "कोण, श्री?" आणि मला रडू फुटलं. पुढे तो काय बोलला, वडील फोनवर काय बोलायचे, हे मी इथे लिहिणार नाही. लाईनला दोन टोकं असतात आणि दुसऱ्याला मी विचारलेलं नाही.

बोलता बोलता काचेतून मला त्या दिसत होत्या. पायरीवर, पाठ माझ्याकडे करून उभ्या. तीन एक मिनिटांनी त्यांचा हात वर गेला, घड्याळ बघितलं. आता वळतील असं मला वाटलं. त्या वळल्या नाहीत. घड्याळ मनगटावरून काढलं आणि पिशवीत टाकलं.

मी फोन ठेवला तेव्हा पाऊण वाजायला आला होता. दार उघडलं. त्यांनी काहीही विचारलं नाही. आत आल्या, खुर्चीत बसल्या, कागद सारखा करून स्कॅनरशेजारी ठेवला. यादीतून नाव गेलेलं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"चढव की," म्हणाल्या.

मी मोडेम लावला. केकाटणं सुरू झालं. प्रेमाक्कांनी डोळे मिटून मान जराशी कलती केली.

"लागली बघ."