दोन्या एल्विराचा आशीर्वाद

"आई, परत 'थँक यू'? ग्रासियास म्हण, ग्रासियास!" मागच्या सीटवरून अनिका करवादली.

"अगं, तोंडात तेच बसलंय," अहिल्या म्हणाली.

"आणि दुखतंय का विचारायचं तर?"

"दुएले."

"गुड! पेशंट 'सी', म्हणजे हो, म्हणाली की हात थांबव. यू विल बी फाइन."

गाडी चालवणाऱ्या रवींद्रला राहवलं नाही. "आज फक्त हात चालव. तोंड चालवायला घरी आम्ही आहोतच."

अहिल्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लगेच नजर रस्त्याकडे वळवली.

चव्वेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला निघालेल्या बाईची थट्टा करू नये, एवढं तरी नवऱ्याला कळायला हवं. कराडला तिचं बी.एस्सी. झालं, लागलीच लग्न झालं. मग अनिका, मग रवींद्रची मोटारींच्या सुट्या भागांची कंपनी, मग व्हिसा, आणि फिरत फिरत हे बिऱ्हाड टेक्सासच्या टोकाला एल पासोत येऊन पडलं. अमेरिकेला आलो म्हणायचं, आणि इथे किराणा दुकानापासून चर्चपर्यंत सगळा कारभार स्पॅनिशमध्ये! त्यात अहिल्याचा गव्हाळ रंग आणि जाड वेणी. तिला पाहिलं की कुणीही थेट स्पॅनिशच सुरू करायचं. "मग मी इतकं इंग्रजी शिकले, त्याचं काय लोणचं घालू?" असं ती पहिलं वर्षभर म्हणत होती. नंतर तिने नर्सिंगला नाव घातलं. वर्गातल्या निम्म्या वयाच्या मुली तिला 'सेन्योरा', म्हणजे बाई, म्हणत आणि तिच्या डब्यातले साबुदाणेवडे हक्काने संपवत. ती सुखात होती. इतकी वर्षं रवींद्रची बायको आणि अनिकाची आई होऊन झाल्यावर कुणीतरी तिला विद्यार्थिनी म्हणत होतं, याचा तिला मनातून फार अभिमान होता.

आज जखमेची पट्टी बदलण्याची परीक्षा होती. मागच्या महिन्यात तिच्या हातून चिमटा निसटून जमिनीवर पडला होता. आजची संधी दुसरी आणि शेवटची. आज चुकली तर बरोबरच्या मुली पुढे जाणार आणि हिने पुढच्या जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

वृद्धांच्या शुश्रूषागृहात दोन्या एल्विरा खिडकीशी खुर्चीत बसून तिची वाटच पाहत होती. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या बाईसाहेब. पण ही बाईसाहेब हाडाची प्रेमळ होती. साखरेच्या दुखण्याने तिच्या उजव्या पायाची तीन बोटं गेली होती. पुन्हा जखम चिघळली तर घोट्यापासून पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गेले कित्येक आठवडे अहिल्या तिचं अंग पुसायची, केस विंचरायची. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, तरी गप्पांत खंड नव्हता.

"ओय एक्सामेन?" आज परीक्षा ना, म्हणून म्हातारीने विचारलं.

"सी," अहिल्या म्हणाली आणि तिने मोठा श्वास घेतला.

परीक्षक मिसेस ओर्तेगा हातात टॅब्लेट घेऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. एरवी त्या मुलींशी स्पॅनिशमध्ये हसतखिदळत बोलायच्या, परीक्षेत मात्र कडक इंग्रजी. अहिल्याने हात धुतले. जुनी पट्टी काढली, जखम स्वच्छ केली. "दुएले?" "नो, मीहा." नाही गं पोरी. निर्जंतुक पाकीट उघडलं, ग्लव्हज चढवले. एकही पायरी चुकली नाही. आता जखमेवर गॉझची नवी घडी ठेवली, पट्टी बांधली की झालं.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी हाक मारली म्हणून मिसेस ओर्तेगा वळल्या. अहिल्या दुखरा पाय ठेवलेल्या स्टुलाला वळसा घालून पलीकडे जाऊ लागली आणि तिचा बूट दोन्या एल्विराच्या डाव्या पायाला लागला. चांगल्या पायाला, लोकरी मोज्यातल्या.

अगंबाई! अहिल्या चटकन वाकली, तिने मोज्याला हात लावला आणि तो हात स्वतःच्या डोळ्यांना लावला. माणसाला पाय लागला, पुस्तकाला लागला की नमस्कार करायचा. कराडच्या आईने पाठीत धपाटे घालून लावलेली सवय ती.

दोन्या एल्विरा बघतच राहिली. तिला वाटलं, पोरगी परीक्षेसाठी आशीर्वाद मागतेय. त्यांच्यातही मोठ्या कामाला निघालेल्या लेकराला घरातली म्हातारी माणसं असाच आशीर्वाद देतात. तिने सुरकुतलेला हात उचलला आणि अंगठ्याने अहिल्याच्या कपाळावर क्रूस काढला. "दिओस ते बेन्दीगा, मीहा." देव तुझं भलं करो.

अहिल्याने डोळे मिटले. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता, आणि आपल्याला त्याची इतकी भूक होती हे तिला तिथे, त्या खुर्चीशी वाकलेलं असताना कळलं.

आणि मग तिचं लक्ष ग्लव्हकडे गेलं.

मोज्याला लावलेला, डोळ्यांना लावलेला ग्लव्ह. निर्जंतुक ग्लव्ह असा कशालाही लागला की नापास, हा परीक्षेचा नियमच होता. मिसेस ओर्तेगा अजून पाठमोऱ्याच होत्या. कुणी म्हणजे कुणी पाहिलं नव्हतं. मोजा स्वच्छच असेल, सकाळी तर बदलला, असं मन म्हणत होतं. हातातोंडाशी आलेला घास होता. एक गॉझ, चार वेढे, संपलं! तिने जखमेकडे पाहिलं. दोनच बोटं उरली होती.

"मॅम," ती म्हणाली, "माझा ग्लव्ह खराब झालाय. फूटला टच केला, मग फेसला."

मिसेस ओर्तेगा वळल्या. "कधी?"

"आत्ता. तुम्ही तिकडे बघत होतात."

मिसेस ओर्तेगांनी उघड्या जखमेकडे पाहिलं. मग त्यांनी टॅब्लेट बाजूला ठेवला, हात धुतले, नवं पाकीट उघडून स्वतः ग्लव्हज घातले. "घोटा धर," एवढंच म्हणाल्या. अहिल्याने ग्लव्हज बदलून घोटा धरला आणि पट्टी त्यांनी बांधली. दोन्या एल्विरा टीव्हीवरच्या मालिकेत रंगून गेली होती. दोघी काय बोलल्या ते तिला कळलंही नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मिसेस ओर्तेगा म्हणाल्या, "मला हे नोंदवावं लागेल."

"हो, मॅम."

"पण तू केलंस काय नेमकं?"

"आमच्यात चुकून कुणाला पाय लागला तर नमस्कार करतात."

"ग्लव्हज घालूनसुद्धा?"

"हात विचारत नाही, मॅम."

मिसेस ओर्तेगांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "जानेवारीत पुन्हा नाव घाल," त्या म्हणाल्या. "माझ्याच बॅचला घाल." आणि त्या पुढच्या खोलीकडे गेल्या.

अहिल्या भिंतीला टेकून उभी राहिली. रडू येतंय की काय ते तिने पाहिलं. आलं, थोडंसं. बरोबरच्या पोरी पुढे जाणार आणि आपण मागे राहणार, याचं तिला खरंच वाईट वाटत होतं. रवींद्र 'असू दे' म्हणेल, अनिका चिडेल. तिने तोंड धुतलं आणि बॅग घ्यायला खोलीत गेली.

दोन्या एल्विराने टीव्हीचा आवाज बंद केला. डोळे लुकलुकत होते. "पासास्ते?" झालीस ना पास?

'नाही'ला स्पॅनिशमध्येही 'नो'च म्हणतात. तो शब्द अहिल्याच्या ओठांवर आलाही होता. पण इतक्या मायेने ठेवलेला हात फुकट गेला, हे ह्या म्हातारीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"सी, सेन्योरा," ती म्हणाली. "पासे."

दोन्या एल्विराने टाळ्या पिटल्या. एवढ्यावर थांबेल तर ती एल्विरा कसली! तिने अहिल्याला आपली चाकाची खुर्ची कॉरिडॉरमध्ये न्यायला लावली आणि येईल जाईल त्याला ओरडून सांगितलं, माझी नर्स पास झाली, माझी नर्स! काठीवाले एक आजोबा थांबले. स्वयंपाकघरातल्या दोघी जणी हात पुसत बाहेर आल्या. कुणी तिचा हात हातात घेतला, कुणी गालाला गाल लावला.

"ग्रासियास," अहिल्या प्रत्येकाला म्हणत होती. "ग्रासियास."