तिसरं मिनिट

माझ्या चेहऱ्यावर तिसरं मिनिट सुरू होऊन आज आठ दिवस झाले. पहिली दोन वेळेवर गेली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

चूक माझीच. लेकीचं, केतकीचं, लग्न आठवड्यावर आलेलं आणि नणंद म्हणाली, "वहिनी, फोटोत तुमचे वांग दिसतील हो." झालं! गेले तडक कराडच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्या रागावल्याच. "पील करायचं तर महिनाभर आधी यायचं, काकू. आता अगदी हलकं ॲसिड लावते. तीन मिनिटं मोजायची, मग धुवायचं. मोजून होईपर्यंत उठायचं नाही."

हे ॲसिड म्हणे उसातून निघतं. जन्मभर मी ऊस सोलला, आता तो मला सोलायला बसला.

मदतनीस सुलभा घड्याळ धरून सेकंद मोजते. एकोणसाठ झाले, साडेएकोणसाठ झाले, पावणेसाठ झाले. साठ काही येत नाही. मध्ये नवीनच आकडे निघतात, त्यांना धड नावंही नाहीत, पण ती एकही गाळत नाही. प्रत्येक आकड्याला माझी खाट हातभर लांब होते आणि खोली बोटभर अरुंद.

"अगं, साठ म्हण की भवाने!"

"झाल्याशिवाय कसं म्हणू, काकू?"

चुरचुरतं, पण ते सोसतं. लग्नाचं कार्यालय रस्त्यापलीकडेच आहे. सकाळी मंगलाष्टकं ऐकू आली. कन्यादानाला नणंद बसली. माझ्या जागी! मला रडू फुटलं, तर सुलभानं कापसानं डोळे टिपले.

"पाणी लागायला नको," ती म्हणाली.

आता माझे दोन्ही खांदे भिंतींना टेकायला आलेत. दुपारी केतकी शालू नेसून आली.

"आई, पाया पडल्याशिवाय मी गाडीत बसायची नाही."

"पड बाई, लवकर पड."

भिंतीला पाठ घासत ती खाटेच्या कडेनं पायांकडे निघाली. बराच वेळ बांगड्या वाजत होत्या, मग त्याही ऐकू येईनात. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"आई, पाय कुठंयत गं तुझे?"

"पुढंच आहेत, बाळा. सरळ जा."

मी पाय जवळ ओढायला गेले. खाट आणखी लांब झाली. पुन्हा हॉर्न वाजला. तिकडे लांबवर, शालूचा पदर कमरेला खोचून, माझी पोर पळायला लागली.