टेकडीपलीकडचं वाडगं

"चोर! चोर! आजून येक मेंढरू गेलं!"

बाळासो चौगुल्यांची ही आरोळी ऐकून शेजारचा केरबा हातातल्या खुरप्यासकट भिंतीवरून डोकावला. "कुटं गेलं? कुनी न्हेलं?"

"वाडग्यातनं न्हेलं की भरदिवसा!" बाळासो खिडकीतूनच ओरडले.

केरबानं अंगणभर नजर फिरवली. पूर्वी जिथं म्हशी बांधत तिथं आता धुणं वाळत होतं. "आप्पा, तुमच्याकडं मेंढरं कवा हुती?"

"कम्प्युटरात रं, कम्प्युटरात!"

केरबा खुरपं घेऊन परत गेला. स्वयंपाकघरात बाळासोंच्या बायकोनं, बायडाबाईंनी, तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि हसू जिरेपर्यंत फडताळाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. कारण ते मेंढरू त्यांनीच नेलं होतं.

त्याचं असं झालं. बाळासो गडमुडशिंगीच्या एका दूध संस्थेचे सचिव होते. समोर आलेल्या प्रत्येक किटलीकडं संशयानं बघण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले, पाठोपाठ गुडघे गेले, मग म्हशी विकल्या. माणूस दिवसभर घरात बसून बायकोच्या फोडणीत चुका काढायला लागला. दोन हजार बाराच्या दिवाळीत बेंगळुरूहून आलेल्या यशराजनं, त्यांच्या मुलानं, आपला जुना कम्प्युटर घराच्या पुढच्या सोप्यात मांडला आणि त्यात एक ठोकळ्यांचा खेळ घालून दिला. त्या खेळात माती चौकोनी, झाडं चौकोनी, मेंढरंसुद्धा चौकोनी. ठोकळा काढायचा, ठोकळा लावायचा, घर बांधायचं, शेती करायची, जनावरं पाळायची. बाळासोंनी पंधरवड्यात लाकडी कुंपणाचं वाडगं उभं केलं आणि त्यात मेंढरं भरली. फोडणीकडचं त्यांचं लक्ष उडालं.

बायडाबाई शेजारी बसून तांदूळ निवडत बघत असत. एकदा म्हणाल्या, "मला बी द्या की जरा."

"तुला न्हाई जमायचं," बाळासो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "ह्यात डोस्कं लागतंय."

झालं. दुसऱ्या दिवशी जेवून ते घोरायला लागल्यावर बायडाबाई खुर्चीत बसल्या. हातात गव्हाची पेंढी धरली की मेंढरू मागून चालत येतं, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. त्यांनी एक मेंढरू टेकडीपलीकडं नेलं. नवरा एकदा तिकडं वाट चुकून लांडग्यांच्या तावडीत सापडला होता, तेव्हापासून तो टेकडीचं नाव काढत नसे. तिथं त्यांनी आपलं स्वतःचं वाडगं बांधलं. नवऱ्याचं तोंड कसं होतंय ते बघून परत आणून ठेवायचं, असा त्यांचा विचार होता. पण उठल्यावर त्यांचं तोंड जे झालं, ते बघून बायडाबाईंना दुसरं मेंढरू नेल्याशिवाय राहवेना. मग तिसरं.

बाळासोंनी तपास सुरू केला. पहिला संशय वीजमंडळावर. लोडशेडिंगला कम्प्युटर मध्येच बंद पडतो, त्यात जनावरं जात असणार. मग लाइट जायच्या आधीच ते खेळ नीट बंद करून ठेवू लागले. तरी मेंढरू गेलंच. यशराजला फोन लावला. तो म्हणाला, "आप्पा, दार उघडं राहत असंल. न्हाईतर उजेड कमी पडत असंल, मग लांडगं येत्यात." बाळासोंनी दाराला आतून आणखी एक दार लावलं, चारी बाजूंनी दिवट्या लावल्या, कुंपण दुहेरी केलं. वाडगं तुरुंगासारखं दिसायला लागलं. तरी मेंढरू गेलंच.

"घरभेदी हाय कुनीतरी," ते जेवताना म्हणाले.

"आपल्या दोघांत घरभेदी कोन असनार?" बायडाबाईंनी भाकरी वाढली.

"केरबा. परवा आला हुता न्हवं, बगू बगू करत?"

शेवटी त्यांनी सगळ्या मेंढरांना लाल रंग फासला. चोरीचं मेंढरू कुठंही दिसलं तरी ओळखू यावं म्हणून. बायडाबाईंना लाल मेंढरू इतकं देखणं वाटलं की त्या दिवशी त्यांनी दोन नेली.

आणि मग एका दुपारी त्या टेकडी उतरून आपल्या वाडग्यापाशी गेल्या, तर आत मेंढरं कमी. पुन्हा मोजली. कमीच. बायडाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कष्टानं चोरलेली जनावरं! कोण मेला घेऊन गेला?

त्यांनी मागं वळून पाहिलं. बाळासो पलंगावर उताणे झोपले होते. ह्यांना कळलं असंल काय? कळून न कळल्यासारखं करून माझीच मेंढरं पळवत असतील काय? रात्रीच्या जेवणाला त्या नवऱ्याचं तोंड वाचत बसल्या. तोंडावर आमटीशिवाय काही नव्हतं.

"अवं, येखाद्यानं वाडगं नीट बांधलं, दार बी लावलं," त्यांनी विषय काढला, "तरी मेंढरं जात्यात म्हंजे काय असंल?"

"तेच तर मी इचारतोय महिनाभर!" बाळासो कळवळून म्हणाले. बायडाबाईंना पहिल्यांदाच त्यांचं दुःख समजलं.

दुसऱ्या दिवशी नवरा कटिंगला गेलेला बघून त्यांनी गुपचूप यशराजला फोन लावला.

"आई, तू कुठल्या वाडग्याचं इचारालीस?"

"हाय येक. तू सांग की नुसतं."

"कुंपनाला लागून ठोकळा ठेवलाईस काय?"

"ठेवलाय की. ते दार माझ्यानं उघडत न्हाई झटक्यात, म्हनून पायरी केलीया. पायरीवरनं उडी मारली की आत."

"आतल्या बाजूला बी पायरी हाय?"

"मग भाईर कशी येऊ?"

तिकडून यशराज इतका हसला की बायडाबाईंनी फोन कानापासून लांब धरला. "आई, तू जिथनं चढतीस, तिथनं मेंढरू बी चढतंय की!"

बायडाबाईंनी त्याला आप्पांना न सांगायची देवाची शपथ घातली, फोन ठेवला आणि पायरी काढायला वळल्या. तोवर बाळासो कटिंग करून आलेच. अंगावरचे केस न झटकता ते खुर्चीत बसले, खेळ सुरू केला आणि किंचाळले, "आलं! आलं!"

त्यांच्या वाडग्याच्या दाराशी एक लाल मेंढरू उभं होतं. बाहेरून.

"ह्ये टेकडीकडनं आलंय," बाळासो म्हणाले. हातात तलवार घेतली आणि लांडग्यांची भीती गिळून ते टेकडी चढले. बायडाबाई मागं मटार सोलत उभ्या होत्या, आणि दाणे ताटात पडायच्या ऐवजी जमिनीवर पडत होते. बाळासो टेकडीच्या माथ्यावर थांबले. खाली वाडगं होतं. कडेनं पिवळी फुलं, पाण्याचा पाट, एक छोटं टुमदार घर. आत त्यांची लाल मेंढरं, आधी गेलेली पांढरी मेंढरं, आणि सोबत पांढरी पिल्लं.

"केरबा!" ते खुर्चीतून उठले. "त्येचं आता खुरपंच काडून घेतो!"

"बसा खाली," बायडाबाई म्हणाल्या. "त्येला माऊस धराय येत न्हाई."

बाळासो उभेच राहिले. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, पुन्हा पडद्यावरच्या फुलांकडं पाहिलं.

"पाट कुनी काडला?" त्यांनी हळू विचारलं.

"मी."

"वळवून कसा आणलाईस? माझं पानी सारखं शेतात घुसतंय."

"दावतो की," बायडाबाई कोल्हापुरी बायकांच्या रिवाजानं पुरुषासारखं म्हणाल्या. "पर आदी सरका."

"आदी माझी मेंढरं परत पायजेत."

"न्ह्या की. पिल्लं माझी."

"पिल्लं कशी तुजी? आया माझ्या हाईत!"

"चारा माझा, वाडगं माझं. माझ्या दारात जन्मल्यात."

तासभर हा खटला चालला. बाळासोंनी संस्थेचे नियम सांगितले, बायडाबाईंनी पेंढीचा गहू कुणी पेरला ते विचारलं. शेवटी पिल्लं टेकडीपलीकडं राहिली, मोठी मेंढरं अलीकडं आली. ती हाकून आणायचं काम बाळासोंनी मागून घेतलं. पेंढी दाखवत टेकडी उतरताना ते लांडग्याला बघून दोनदा दचकले आणि दोन्ही वेळा बायडाबाईंनीच शेजारून माऊस ओढून त्यांना सोडवलं. त्या संध्याकाळी चूल पेटलीच नाही. दोघांनी दूध आणि सकाळची भाकरी कुस्करून खाल्ली, तीही खुर्ची आळीपाळीनं सोडत.