मैनेपेक्षा कमी

"एकशेआठ!" हौसाने कागद मैनेच्या नाकासमोर धरला. "तुझी किती गो?"

"एकशेनव्वद," मैना हळूच म्हणाली.

पेणच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर दर महिन्याला हे असंच व्हायचं. दोघी सख्ख्या जावा. हौसा थोरली, मैना धाकटी. दोघी वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या मिठागरावर कामाला, आणि दोघींना साखरेचा आजार. बाकी चांगलं ते सगळं मात्र मैनेकडे. मैनेचा प्रविण नागोठण्याला कंपनीत लागला, मैनेच्या घरावर पक्का स्लॅब आला, आणि सासूने शेवटचं पाणी मागितलं तेही मैनेच्याच हातून. हौसाच्या मनात हे कायम सलत होतं. मैनेला साखर निघाली तेव्हा हौसाला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. निदान इथे तरी पुढे राहता येणार होतं.

त्यासाठी तिने युक्ती काढली. रक्त द्यायच्या आधी तीन दिवस भात बंद, चहा बिनसाखरेचा, नुसती उकडलेली कारली आणि मेथीचं पाणी. चौथ्या दिवशी आकडा असा गोंडस यायचा की डॉक्टरीणबाई मैनेला म्हणायच्या, "जावेकडून शिका जरा." घरी पोचली की हौसा वाडगाभर गूळपोहे घेऊन बसायची, आणि मग महिनाभर मनाला येईल ते खायची. चार महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिची गोळी अर्धी केली. ती अर्धी गोळी तिने गावभर मिरवली.

मैना वेडी. मोजून भात खायची, रोज चालायची. तिचा आकडा कासवाच्या चालीने उतरत होता. तो उतरला की हौसाला झोप लागायची नाही.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत मीठ ओढताना मैनेची टाच शिंपल्याने कापली. खारं पाणी जखमेत गेलं तशी ती नाचायलाच लागली. "आये गो, मेले!"

चार दिवसांनी हौसाच्या पायाखालचं पाणी लाल झालं. अंगठा चांगला चिरला होता, आणि तिला पत्ताच नव्हता. ती खदखदून हसली.

"बघ गो मैने, एवढं रगत जातंय, पण मला झोंबत नाय! तू निस्ती नाजूक."

"हौसाचा पाय म्हंजे लोखंड हाय," कोणीतरी म्हणालं. त्या कौतुकात तिने जखमेला चिंधीसुद्धा बांधली नाही.

महिन्याने अंगठा काळा पडला. नवऱ्याने, बाबाजीने, दम दिला तेव्हा ती मैनेबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले. "टाचणी टोचली की सांगा."

शेजारी मैना बसली होती. हौसा ताबडतोब म्हणाली, "व्हय, टोचली."

"मी अजून लावलीच नाही."

हौसाने डोळे उघडले. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत होत्या.

"दोघींचं रक्त मुंबईला पाठवते. साखर रक्तातल्या लालीला चिकटून बसते. दोन-तीन महिन्यांत काय काय खाल्लंत ते त्यात कळतं. दोन दिवस उपास केला म्हणून ते पुसलं जात नाही."

आठवड्याने कागद आले. हवं होतं सातच्या आत. मैना साडेसात, हौसा तेरा.

"हीच साखर पायाच्या रक्तवाहिन्यांनाही आतून चिकटते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या ताठ होतात, अरुंद होतात. रक्त पोचत नाही, मग दुखणं कळवणाऱ्या नसाही मरतात."

"पन बाई, मला तर झोंबलंच नाय..."

"झोंबायला हवं होतं, हौसाबाई."

मैनेचं मिठागरातलं ते नाचणं हौसाला आठवलं. स्लॅबचा केला, पोराच्या नोकरीचा केला, पण मैनेच्या दुखण्याचा हेवा तिने आयुष्यात पहिल्यांदाच केला.

उजव्या पायाचा अंगठा गेला, त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. रोह्याला दिलेली लेक, सरू, आठ दिवस राहून परत गेली. मग रोज सकाळी मैना यायला लागली. ती उजव्या पायाचं बँडेज बदलायची आणि डावा पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यात वाकून बघायची. त्या वाकलेल्या मैनेची दहाच्या दहा बोटं हौसाला दिसायची. भेगाळलेली, काळीसावळी, पण दहा. ती मान फिरवायची.

एके दिवशी मैनेने हंड्यातलं पाणी घमेल्यात ओतलं आणि ती टॉवेल आणायला वळली. तोवर हौसाने डावा पाय आत सोडला होता.

"बाय, पानी लय गरम नाय ना?"

'नाय, बरोबर हाय,' हे हौसाच्या ओठांवर आलंच होतं. ती थांबली. पाण्यातून वाफ येत होती.

"मला कळत नाय गो," ती म्हणाली. "तूच हात घालून बघ."

मैनेने हात घातला आणि झटकन बाहेर काढला. तिने हौसाचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि ती त्यावर तांब्याने गार पाणी ओतायला लागली. तिचं लुगडं भिजत होतं. हौसा ते पाणी पायावर पडताना बघत राहिली.