संताच्या पाच ओळी

कर्र. थांबलं. पुन्हा कर्र.

वर्षाली पेन्सिलीला टोक करत होती. दुपारची वेळ. पडद्यापलीकडे माझा नवरा सुजित रात्रपाळी करून चाकणहून आलेला, नुकता कुठे डोळा लागलेला. त्यामुळे या एका खोलीत आम्ही तिघी, मी, ही माझी सात वर्षांची लेक आणि सासूबाई, श्वाससुद्धा बेताने घेत होतो. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने शार्पनर फ्रॉकखाली नेलं आणि तिथे काम चालू ठेवलं.

तिची शाळा ज्या संताच्या नावाची, त्याच्यावर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी तिला पाच ओळी बोलायच्या होत्या. मराठीच्या बाईंनी सगळ्या वर्गातून तिलाच निवडलं होतं. शाळा फादरांची, भारी फीची, पण अल्पसंख्याक दर्जा न घेतलेली. म्हणून वर्षाली तिथे आरटीईच्या, गरीब मुलांच्या राखीव जागांच्या लॉटरीतून, बिनफीची लागलेली. वर्गात हे कुणाला माहीत नाही. पहिल्याच आठवड्यात गेटपाशी एक बाई दुसरीला विचारत होती, "यातल्या फुकटवाल्या कोणत्या गं?" त्या दिवसापासून मी पोरीला बजावून ठेवलंय : लॉटरीचं कुठे बोलायचं नाही. घर कुठे विचारलं तर ताथवड्यात म्हणायचं. टॉवरात की टॉवरामागच्या पत्र्याच्या खोल्यांत, ते सांगायचं नाही.

मी मोबाइलवर संत जोसेफ कलासान्झ शोधला आणि हळू आवाजात वाचू लागले. स्पेनचा धर्मगुरू. चारशे वर्षांपूर्वी रोमला गेला, गल्लीबोळांत उंडारणारी गरीब पोरं बघितली आणि तिथलाच झाला. चर्चच्या एक-दोन खोल्यांत फुकट शाळा काढली. शाळा सुटली की मुलांना रांगेने घरापर्यंत पोचवायची पद्धत होती.

"व्हॅनमधून?"

"पायी गं."

"आणि तो काय करायचा?"

"शिकवायचा, वर्ग झाडायचा. एकदा शाळेची घंटा टांगताना शिडीवरून पडला, पाय मोडला."

"मग शाळेला सुट्टी दिली?"

सासूबाई, म्हणजे जाईबाई, लसूण सोलत होत्या. त्यांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आन कागदं? कागदं न्हाई मागितली व्हय त्येनं?"

मी खाली सरकवत गेले आणि थबकले. "मागायचे की, आत्या. मूल गरीब आहे असा तिथल्या धर्मगुरूचा दाखला लागायचा सुरुवातीला. पुढे त्याने तो मागायचं सोडून दिलं."

"म्हंजी तिकडं बी तलाठी हुताच की!"

"का सोडलं?" वर्षालीने विचारलं.

ते लिहिलेलं नव्हतं. मी आणखी दोन ठिकाणी पाहिलं, तिथेही नाही. पण मला त्याचा चाळाच लागला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी तीन खेपा घातल्या होत्या, दर वेळी एक झेरॉक्स कमी. तशीच कुणी बाई त्या रोममधल्या दारात उभी असेल का? कागदाची घडी बारीक करकरून मुठीत धरलेली? त्याने ती मूठ पाहिली असेल? की शेजारच्या पोराने तिच्या पोराला काही म्हटलेलं ऐकलं असेल?

"चार ओळी झाल्या," वर्षाली म्हणाली. चौथी दाखल्याची होती. पाचवी तिने मला न विचारता लिहिली : मीपण या शाळेत फी न भरता शिकते.

मी खोडरबर घेतलं आणि ती ओळ पुसून टाकली.

"का पुसलीस? खरंय ना ते?"

"खरं असलं तरी सगळं सांगायचं नसतं, सोन्या."

"वा गं वा," सासूबाई म्हणाल्या. "बाबासायबांच्या फोटोखाली बसून लाज शिकीवतीस व्हय पोरीला? चोरी केली का तिनं? तिचा हक्कच हाय त्यो."

पडदा सरकला. सुजित डोळे चोळत उभा. "काय लावलंय राव, झोपू द्या की." मी वही त्याच्यापुढे धरली. त्याने वाचलं, पुसलेल्या जागी उमटलेली अक्षरंही वाचली.

"पुसलंस ते बरं केलंस, रश्मी. एकदा नाव पडलं की चिकटतं. मला कंपनीत अकरा वर्षं झाली, आई, अजून 'ए कंत्राटी' अशीच हाक येते. ती पोरगी आहे. तिला रोज त्याच वर्गात बसायचंय."

सासूबाईंनी लसणाची सालं गोळा केली. तो तोंड धुवायला बाहेर गेला.

पाचवी ओळ रिकामी राहिली. मी सुचवलं, "आम्हाला त्यांचा अभिमान वाटतो, असं लिही." वर्षालीने पेन्सिल कागदावर टेकवली, पण लिहिलं नाही. माझ्या मोबाइलवरचं त्या म्हाताऱ्या संताचं चित्र तिने बोटांनी मोठं करून पाहिलं. मग माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"आई, सोमवारी तो स्वतःच आमच्या शाळेत आला, तर त्याच्यापासूनपण लपवायचं का गं?"